लोंकरीचीं जनावरें

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्या डोळ्यांपुढें ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरें उभीं राहतात. राजे कोण झाले, लढाया कोठें झाल्या, वतनें कोणास मिळालीं, हें त्यांवरून कळतें. परंतु ज्या वाड्यांत हीं दप्तरें जपलीं गेलीं, त्या वाड्यांतील मूल दिवसभर कशाशीं खेळत होतें, हें त्यांत कोठेंच लिहिलेलें नसतें. खेळणें ही वस्तु जपून ठेवण्यासाठीं कोणी करीत नाहीं. मूल मोठें झालें म्हणजे खेळणें मोडतें, हरवतें किंवा धाकट्या भावंडाच्या वांट्यास जातें, आणि त्याच्याबरोबर तें करणाऱ्या हातांची हकीकतही नाहींशी होते. त्यांतल्या त्यांत मातीच्या खेळण्याचें दैव बरें. तें फुटलें तरी त्याचे तुकडे दोन दोन हजार वर्षें जमिनींत टिकतात. लोंकरीच्या खेळण्याला मात्र कसर लागते, आणि दोन पिढ्यांत त्याचा मागमूसही राहत नाहीं.

सुयांवर लोंकर विणून, आंत कापूस भरून, हत्ती, ससा किंवा अस्वल तयार करणें हें आज आपल्या घरांतून परिचयाचें काम आहे. इतिहास लिहावा इतका हा विषय मोठा आहे काय, अशी शंका वाचकांना येईल. आमचें म्हणणें असें कीं, या लहानशा वस्तूंत एक मोठा प्रश्न गुंडाळलेला आहे. ज्या देशांत शेंकडों वर्षें मेंढ्यांचे कळप पाळले गेले, जेथें लोंकरीचें वस्त्र देवघरापासून धनगराच्या खांद्यापर्यंत सर्वत्र होतें, त्या देशांतील मुलाच्या हातांत लोंकरीचें जनावर परक्या देशाच्या वाटेनें कां यावें?

या प्रश्नाचा माग काढण्यासाठीं आम्ही धाराशिव जिल्ह्यांतील तेरखेडा या गांवापासून निघतों. हें गांव वाशी तालुक्यांत, सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. त्याचें नांव दूरवर झालें आहे तें फटाक्यांमुळें. कागदाची नळी वळावी, दारू भरावी, वात बसवावी, हें सारें काम हातांचें आणि जोखमीचें. आणि त्याचें फळ दिवाळीच्या एका रात्रींत धूर होऊन जातें. मुलांच्या आनंदाची वस्तु हातांनीं करणें या गांवास परकें नाहीं. पण आमचें लक्ष फटाक्यांपेक्षां गांवाभोंवतालच्या माळरानाकडे अधिक आहे. बालाघाटाच्या या उंचवट्यावर पाऊस बेताचा, आणि जमीन ठिकठिकाणीं हलकी. अशा प्रदेशांत शेतीच्या जोडीला शेळ्यामेंढ्या आल्याच. जिल्ह्याचें जुनें नांव अजून वागविणारी उस्मानाबादी शेळी आज देशभर ठाऊक आहे. सुगी संपली कीं धनगरांचे कळप रानोमाळ फिरूं लागतात, आणि शेतकरी खतासाठीं आपल्या वावरांत मेंढ्या बसवून घेतात, ही तर दख्खनची फार जुनी चाल होय.

लोंकर जशी या भूमीला नवी नाहीं, तशी वस्त्रविद्याही नवी नाहीं. याच जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर आहे. इ. स. च्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथांत तगर नांवाचें मोठें शहर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचें सांगितलें असून, तेथून जाडेंभरडें कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, असें म्हटलें आहे. हें तगर म्हणजेच तेर, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादन केलें. तेरच्या पांढरींत सांपडलेल्या सातवाहनकाळच्या मातीच्या आकृति तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयांत पाहावयास मिळतात. कापड विणणारे हात आणि मातीला आकार देणारे हात या प्रदेशांत दोन हजार वर्षांपूर्वींच होते. त्या काळीं कोणी चिंधीचें किंवा लोंकरीचें जनावर केलें असेल, तर तें मातीनें केव्हांच खाऊन टाकलें.

आपल्या देशांतील लोंकरीचें काय होत असे, तें आधीं पाहूं. दख्खनी मेंढी बहुधा काळी. तिची लोंकर आंखूड, राठ व केसाळ; आणि एका मेंढीपासून वर्षाकाठीं मिळते ती किलोभराच्याही आंत. लोंकर कातरावी, पिंजावी, तिचें सूत काढावें, आणि मग तें खड्ड्याच्या मागावर चढवावें, असा क्रम. सूत काढण्याचें काम बायकांचें. मागावर बसण्याचें बहुतकरून पुरुषांचें. ताण्याला चिंचोक्याची खळ दिली म्हणजे धाग्याला ताठपणा येतो. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर या भागांत खुटेकर धनगर व सनगर यांच्या घरांतून हा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला. त्यांतून निघणारी घोंगडी ही मेंढपाळाचें छत्र, अंथरूण आणि पांघरूण असें सर्व कांहीं होती. लोंकर न विणतां, ओली करून, लाटून, दाबून तिचे तंतू एकमेकांत रुतवावयाचे, आणि त्याचें जाड अंथरूण करावयाचें, ही विद्याही आपल्याकडे होती. 'जेन' आणि 'बुरणूस' हे शब्द तिचीच साक्ष देतात. शहरांतील शिकलेल्या घरांतही लोंकर होती, पण ती सोवळ्यांत. स्वयंपाकघरांत आणि पूजेच्या वेळीं नेसावयाची धाबळी लोंकरीचीच असे.

आणखी एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोंकरीला 'जावळ' म्हणतात. ती सर्वांत मऊ, आणि तिची घोंगडी सर्वांत मोलाची. माणसाच्या मुलाच्या पहिल्या केसांचा शब्द ज्या लोकांनीं मेंढीच्या पिलाला लावला, त्यांना मूल आणि कोकरूं यांतील नातें कोणी शिकवावयास नको होतें. असें असूनही त्या जावळाचें एखादें कोकरूं विणून वा लाटून मुलाच्या हातांत देण्याची रूढि आपल्याकडे पडली नाहीं.

खेळण्यांची आवड नव्हती म्हणावें, तर तसेंही नाहीं. पोळ्याला मातीचे बैल होत. सावंतवाडीस लांकडाचीं रंगीत खेळणीं होत. चिंध्यांची बाहुली तर घरोघर असे; तिला विकत घेण्याची गरज नव्हती. हस्त नक्षत्र लागलें म्हणजे पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोंवतीं फेर धरीत. अहिल्यानगर जिल्ह्यांतील दायमाबाद येथें १९७४ सालीं कांशाचा हत्ती, रेडा, गेंडा आणि बैलजोडीचा रथ सांपडला. त्या चारींचें वजन मिळून साठ किलोंहून अधिक असल्यामुळें त्यांना मुलांचीं खेळणीं म्हणतां येणार नाहीं, परंतु चाकांवर जनावर बसवावें ही कल्पना या भूमींत किती जुनी आहे, तें त्यावरून दिसतें. माती, लांकूड, चिंधी, धातु, या सर्वांचीं जनावरें झालीं. राहिली ती लोंकर.

आतां दुसऱ्या देशाकडे वळूं. जर्मनींतील गिंगेन या लहान गांवीं मार्गारेटे श्टाइफ नांवाची एक बाई राहत असे. तिचा जन्म १८४७ चा. दीड वर्षाची असतांना झालेल्या आजारानें तिचे पाय कायमचे गेले आणि उजवा हातही अधू झाला. तरीही ती शिवण शिकली, आणि लोंकर लाटून केलेल्या जाड कापडाचे कपडे शिवून विकूं लागली. १८७९ च्या डिसेंबरांत स्त्रियांच्या एका मासिकांत कापडी हत्तीचा नमुना छापून आला. पुढच्या वर्षीं तिनें त्यावरून आपल्या त्याच कापडाचे लहान हत्ती शिवले. ते टांचण्या टोंचून ठेवण्यासाठीं होते; परंतु ते मुलांच्या हातीं पडले, आणि मुलांनीं त्यांचें खेळणें केलें. त्यांतून एक कारखाना उभा राहिला. तिच्या पुतण्यानें १९०२ सालीं अस्वल तयार केलें. १९०३ सालीं लाइपझिगच्या बाजारांत एका अमेरिकन व्यापाऱ्यानें त्याचे तीन हजार नग मागविले. १९०२ च्या नोव्हेंबरांतच अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं शिकारींत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचें नाकारलें, त्यावर व्यंगचित्र निघालें, आणि अध्यक्षांच्या लाडक्या नांवावरून कापडी अस्वलास 'टेडी' हें नांव पडलें. आज तेरखेड्याच्या बालवाडींतील मुलालाही हें नांव समजतें.

या हकीकतींत आम्हांला नवल वाटतें तें दोन गोष्टींचें. पहिली ही कीं, जगभर गेलेल्या या मऊ जनावरांतील पहिलें जनावर हत्ती होतें. म्हणजे जर्मनींत न जन्मणारें आणि आपल्याकडे पाटावर पूजिलें जाणारें. दुसरी ही कीं, तो हत्ती ज्या कापडाचा होता तें विणलेलें नव्हतें, लाटलेलें होतें. म्हणजे जातीनें तें आपल्या जेन-बुरणुसाचें भावंड होतें. सामग्री आपल्यापाशीं होती, कल्पना आपल्यापाशीं होती, शिवणारे हातही होते. उणें काय होतें, हें शोधावयाचें तर सुईच्या मार्गानें जावें लागेल.

शिवलेल्या हत्तीमागोमाग विणलेलीं जनावरें आलीं. आणि विणकामांत तर जनावराचा आकार जणूं आधींच दडलेला आहे. मागावर ताणा व बाणा काटकोनांत एकमेकांवरून जातात. त्यामुळें कापड सपाट, चौकोनी व घट्ट होतें. सुयांवरच्या विणकामांत धागा एकच असतो, आणि त्याचा प्रत्येक फांस मागच्या फांसांतून ओढून घेतलेला असतो. म्हणून तें ताणलें तर वाढतें, सोडलें तर मिटतें. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ओळींत टांके वाढविले तर तेथें फुगवटा येतो, आणि दोन टांके एकत्र घेतले तर तेथें निमुळतेपणा येतो. शिंप्याला कापड कापून आणि तुकडे जोडून जो गोलवा आणावा लागतो, तो विणणारी नुसते टांके मोजून आणते. पायमोजाची टांच ज्या बाईला वळवितां आली, तिला सशाचें डोकें वळवितां आलेंच. विणलेलें जनावर हें पायमोजाचें अपत्य आहे, असें म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति होणार नाहीं.

मराठींत मागावरचें कापड, बाजेची सुंभ, कोळ्याचें जाळें, बुरुडाची टोपली आणि सुयांवरचा स्वेटर या सर्वांस एकच क्रियापद पुरतें: विणणें. सुयांवरच्या कामाला निराळा शब्द नाहीं, यावरून तें आपल्याकडे मागाहून आलें आणि जुन्या शब्दाच्या पंगतींत बसलें, असें अनुमान काढण्यास हरकत नाहीं. 'वीण' या शब्दाचा तर आणखी एक अर्थ आपल्या भाषेंत आहे: जनावरांची पैदास. व्युत्पत्तीनें हे दोन शब्द वेगळे असले, तरी लोंकरीचें जनावर विणणाऱ्या बाईच्या हातांत त्या दोन्ही अर्थांची गांठ पडते.

प्रत्यक्ष कृति अशी. सुया बारीक घ्याव्या आणि वीण दाट ठेवावी, नाहींतर आंतला कापूस फटींतून डोकावतो. थोडे टांके घालून सुरुवात करावी, ओळीगणिक ते वाढवीत पोटापर्यंत यावें, कांहीं ओळी तशाच विणाव्या, आणि मानेकडे पुन्हां कमी करीत जावें. डोक्यासाठीं परत वाढवावे. पाय म्हणजे चार लहान नळ्या. कान वेगळे विणून शिवावे. डोळे काळ्या धाग्यानें भरावे. मणी किंवा गुंडी लावली तर लहान मूल ती तोडून तोंडांत घालण्याचा धोका असतो. भरण्यासाठीं पिंजलेला कापूस किंवा सांवरीचा कापूस घ्यावा. भरण अधिक झालें तर टांके फांकतात, कमी झालें तर मान लुळी पडते. यांत यंत्र नाहीं, माग नाहीं, जागा लागत नाहीं. लागते ती फुरसत, मोजण्याची संवय आणि मऊ धागा. हीं तीन एका घरांत केव्हां एकत्र आलीं, हाच आपला पुढचा प्रश्न.

सुयांवरचें विणकाम इतर देशांतही फार प्राचीन नाहीं. मिसर देशांत सांपडलेले असे सुती मोजे सुमारें नऊशें-हजार वर्षांपूर्वींचे आहेत. यूरोपांत सोळाव्या शतकांत विणलेल्या पायमोजांची मोठी चलती झाली, आणि १५८९ सालीं विल्यम ली या इंग्रजानें मोजे विणण्याचें यंत्रही तयार केलें. आपला 'मोजा' हा शब्द फारसींतला. पण घरांत बसून सुयांवर विणण्याचें काम महाराष्ट्रांत पसरलें तें मुख्यतः मुलींच्या शाळांबरोबर. सिंथिया फरार ही अमेरिकन मिशनची शिक्षिका १८२७ सालीं मुंबईस आली, आणि पुढें १८३९ पासून अहमदनगरास मुलींच्या शाळा चालवूं लागली. अशा मिशनच्या शाळांतून वाचन-लेखनाबरोबर सुईकाम शिकविण्याची पद्धत होती. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं शारदासदन काढलें. १९०९ सालीं पुण्यांत रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें सेवासदन निघालें. आणि त्यांसारख्या संस्थांतून शिवण व हस्तकला यांचे वर्ग स्त्रियांच्या उपजीविकेचें साधन म्हणून चालूं लागले. १८८४ सालीं पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें, तेव्हां मुलींना इंग्रजी किती शिकवावें यावर वर्तमानपत्रांतून कडाक्याचा वाद झाला. पण मुलींना सुईकाम शिकवूं नये, असें म्हणणारा पक्ष त्या वादांत दिसत नाहीं. सुधारक आणि सनातनी यांचें ज्या एका गोष्टीवर एकमत होतें, ती गोष्ट सुई होती.

या शाळांतून निघालेल्या मुली माता झाल्या, तेव्हां त्यांनीं तान्ह्या मुलांसाठीं टोपडीं, मोजे व झबलीं विणलीं. १९३० सालीं किर्लोस्करांनीं 'स्त्री' मासिक सुरू केलें. स्त्रियांसाठीं निघणाऱ्या मासिकांच्या व पुस्तकांच्या द्वारें विणकामाचे नमुने एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाऊं लागले. दोन्ही महायुद्धांत सैनिकांसाठीं मोजे आणि गळपट्टे विणण्याचें आवाहन स्त्रियांना होत असे, त्यानेंही सुया पुष्कळ घरांत शिरल्या. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडांतील खेळण्यांचे कारखाने लढाईच्या कामास लागले, तेव्हां तेथील आयांनीं जुने स्वेटर उसवून त्या धाग्यांचीं खेळणीं विणलीं. टोपडें विणून उरलेल्या लोंकरीचा ससा करणें ही युक्ति आपल्या घरांतही अशीच सुचण्याजोगी होती.

धाराशिव जिल्हा त्या काळीं निजामाच्या राज्यांत होता. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तें राज्य टिकलें. मुलींच्या मराठी शाळा तेथें फार थोड्या. परंतु शेजारची बार्शी इंग्रजी हद्दींत होती. कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत १८९७ सालीं अरुंद मापाची आगगाडी सुरू झाली, आणि १९११ सालीं ती येडशीवरून लातुरास पोंचली. पेठेंतला माल आणि पेठेंतल्या कल्पना बालाघाटाच्या पायथ्याशीं येण्यास ही वाट झाली. मात्र त्या वाटेनें येणारी लोंकर, अर्थात् रंगीत, मऊ, लडींत बांधलेली लोंकर, ती बालाघाटच्या मेंढीची नव्हती.

आतां आपल्या मूळ प्रश्नाचें उत्तर हातीं येतें. लोंकर होती ती धनगराच्या घरीं. तेथें सुताचा प्रत्येक तोळा घोंगडींत जाणार हें ठरलेलें. घोंगडी बाजारांत जाणार, आणि तिच्यावर घरचें धान्य येणार. सूत काढणाऱ्या बाईला दिवसाच्या कामांतून फुरसत नव्हती, आणि तिला शाळाही मिळाली नव्हती. सुई होती ती शिकलेल्या घरीं. तेथें फुरसत होती, मोजणें येत होतें, छापील नमुने वाचतां येत होते. पण लोंकर दुकानांतून येत होती. धाबळी नेसणाऱ्या घराला धनगराची लोंकर सोवळ्यांत चालत होती, खेळांत आणावी असें सुचलें नाहीं. एकाच जिल्ह्यांत, एकाच बाजाराच्या दिवशीं, हीं दोन घरें एकमेकांशेजारून जात. पण लोंकर आणि सुई यांची गांठ पडली नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, यांत समाजाचा दोष कशाला? लोंकरच राठ, तिचें खेळणें होणार कसें? या आक्षेपांत तथ्य आहे, पण थोडें. मऊ विणकामाच्या मेरिनो लोंकरीचा तंतू सामान्यतः २४ मायक्रॉनच्या आंत असतो. दख्खनी लोंकरीचा त्याहून पुष्कळच जाड. म्हणून तान्ह्याचें झबलें तिचें करूं नये, हें खरें. परंतु खेळण्याला अंगावरच्या कपड्याइतका मऊपणा लागत नाहीं. आकार धरण्यासाठीं त्याला थोडा ताठपणाच हवा असतो. जावळाची लोंकर निवडून घेतली तर राठपणाही पुष्कळ कमी होतो. आणि जी अगदींच राठ ती बाहेरून नको, तर आंत भरावी. कापूस दाबला कीं बसतो, लोंकर दाबली तरी पुन्हां फुगते. नीट धुऊन घेतली तर तिच्यासारखें भरण नाहीं. अडचण लोंकरीच्या तंतूंत असती, तर हे उपाय कोणाला तरी पूर्वींच सुचले असते. तिला हात लावून पाहणाऱ्या बायका आणि नमुने वाचणाऱ्या बायका एकत्र बसल्या नाहींत, म्हणून ते सुचले नाहींत.

असें एकत्र बसणें अशक्य होतें असेंही नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र काढलें, तेव्हां महागड्या परदेशी साधनांच्या ऐवजीं गांवांत मिळणाऱ्या वस्तूंतून मुलांचीं साधनें करण्याचा मार्ग त्यांनीं दाखविला. शंख-शिंपले, बिया, माती, पानें यांना त्यांनीं शिक्षणांत स्थान दिलें. तो मार्ग समुद्रकांठच्या आदिवासी मुलांसाठीं निघाला. मेंढ्यांच्या मुलुखांत तोच मार्ग धरला, तर पहिली वस्तु हातांत येईल ती लोंकर.

हा प्रश्न आजच विचारण्याचें कारण आहे. पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांनीं घोंगडीचा बाजार बसविला. मेंढपाळाला आतां पैसा मिळतो तो मांसाचा. म्हणून पुष्कळांचा ओढा माडग्याळसारख्या, अंगावर लोंकर जवळजवळ नसलेल्या जातीकडे आहे. कातरणीची मजुरीही लोंकरीच्या किंमतींतून सुटत नाहीं, आणि ती फेंकून द्यावी लागते, अशी मेंढपाळांची तक्रार आहे. दुसरीकडे विणलेलीं जनावरें पूर्वीं कधीं नव्हतीं इतकीं लोकप्रिय झालीं आहेत. क्रोशाच्या एका सुईवर लहान लहान प्राणी विणण्याची जपानी तऱ्हा शहरांत आणि तालुक्याच्या गांवींही पोंचली आहे. कित्येक गृहिणी तीं करून विकतात, आणि त्यावर घरखर्चाला हातभार लावतात. त्यांचा धागा बहुधा ॲक्रिलिकचा असतो. तो खनिज तेलापासून कारखान्यांत होतो, मेंढीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तरीही दुकानदार त्याला लोंकर म्हणतो, घेणारीही लोंकरच म्हणते. म्हणजे शब्द उरला आणि मेंढी गेली. ज्या वस्तूचें नांव आपण दुसऱ्या वस्तूला देऊन मोकळे झालों, ती वस्तु नाहींशी होत आहे हेंसुद्धां मग कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

ॲक्रिलिकच्या धाग्याची आम्ही निंदा करीत नाहीं. तो स्वस्त आहे, धुतां येतो, त्याला कसर लागत नाहीं, आणि गरीब घरांतील बाईला त्यानें काम दिलें आहे. दख्खनी लोंकरीच्या खेळण्यांनीं धनगरांचा धंदा पुन्हां भरभराटेल, असेंही आम्ही म्हणत नाहीं. एका सशाला लागते ती लोंकर किती? पण धंदा टिकण्याआधीं वस्तूची ओळख टिकावी लागते. ज्या मुलानें खरी लोंकर हातांत धरलीच नाहीं, तें मोठें होऊन तिची किंमत करणार नाहीं. घोंगडी आतां त्याच्या घरांत नाहीं, धाबळी तर आजीबरोबर गेली. राहिलें एक खेळणें. तेवढ्या वाटेनेंच ती ओळख त्याच्यापर्यंत जाऊं शकेल.

अस्वल विणण्यास आमची हरकत नाहीं. तें आतां आपलेंच झालें आहे. पण या जिल्ह्याची शेळी काळी असते, तिचे कान लोंबते असतात, आणि त्यांवर कधीं कधीं पांढरे ठिपके असतात. दख्खनी मेंढीची लोंकरही काळीच. रंग द्यावयास नको. बारीक सुयांवर दाट वीण, आंत धुतलेल्या राठ लोंकरीचें भरण, कानांवर पांढऱ्या धाग्याचे चार टांके, एवढ्यानें हें जनावर उभें राहील. नमुना कोणत्याही परदेशी पुस्तकांत मिळणार नाहीं. तो येथेंच टांके मोजून बसवावा लागेल. त्यासाठीं येरमाळ्याच्या किंवा वाशीच्या बाजारांत एखाद्या शिकलेल्या बाईनें धनगरणीजवळ थांबून जावळाची मूठभर लोंकर मागितली पाहिजे, आणि सूत कसें काढतात तें तिच्याकडून शिकून घेतलें पाहिजे. शें-सव्वाशें वर्षें हें घोंगडें भिजत पडलें आहे. तें उचलावयास दोघीजणी पुरतील.